आधी हवा बघा, मग नक्षी: ठाण्याच्या हंगामांसाठी सुया आणि क्रोशाच्या विणी

जानेवारीतल्या चार-दोन पहाटा सोडल्या तर ठाण्यात स्वेटर लागतो कुणाला, हा प्रश्न विणायला बसणाऱ्या प्रत्येकीला कधी ना कधी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. पण सकाळच्या एसी लोकलमध्ये चढणाऱ्या, ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर गारठून बसणाऱ्या मुलीला विचारा, ती वेगळं उत्तर देईल. शिवाय नाशिकला आत्या असते, परदेशात भाऊ असतो, कुणाचा बाळंतविडा करायचा असतो, कुणाच्या रुखवतात क्रोशाचे रुमाल मांडायचे असतात, गणपतीला दाराला तोरण हवं असतं. काम कमी नाही. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. आपण मोबाइलवर बर्फाच्या देशातलं चित्र बघतो, तसलीच जाड वेण्यांची वीण घालतो आणि महिनाभर खपून तयार केलेलं जाकीट कपाटात पडून राहतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. वस्तू कोण वापरणार, कोणत्या महिन्यात, ती धुणार कोण आणि कशी, हे आधी. त्यावरून धागा. धाग्यावरून वीण. नक्षी सगळ्यात शेवटी.

हंगाम यायच्या आधी सुई हातात

वस्तू ज्या सणाला हवी त्याच्या निदान दोन महिने आधी टाके घालायला हवेत. गणपतीचं तोरण मे-जूनमध्ये, रुखवत मुहूर्त निघाल्याबरोबर, संक्रांतीचं वाण दिवाळीचा फराळ संपला की लगेच, मफलर आणि शाली नवरात्रात. उन्हाळ्याच्या पिशव्या गुढीपाडव्याच्या आधी हातावेगळ्या झाल्या तर मंडईत उपयोगी पडतात.

पावसाळ्याचे चार महिने घरात बसायला मिळतं म्हणून लोकं तेव्हाच मोठी शाल काढतात. मला ते पटत नाही. ठाण्याच्या जुलैत हाताला घाम येतो, अ‍ॅक्रिलिकची लोकर धातूच्या सुईला चिकटते, मांडीवर पसरलेली शाल नकोशी होते. पावसाळा हा सुती धाग्याचा आणि छोट्या तुकड्यांचा हंगाम: तोरण, रुमाल, चौकोन, फुलं. लोकरच विणायची असेल तर बांबूच्या सुया घ्या, त्यांवर टाका जरा शांतपणे सरकतो. पोलादी क्रोशे दमट हवेत गंजतो आणि गंजाचा डाग पांढऱ्या सुतावरून सहजी निघत नाही. औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी क्रोशाच्या डबीत टाकून ठेवा.

धागा आणि सुईचा नंबर

जांभळी नाक्याकडे किंवा नौपाड्यात, बटणं-लेस-अस्तर विकणाऱ्या दुकानात ‘लोकर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा समोर येते ती अ‍ॅक्रिलिक. वर्धमान, ओसवाल ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असते, मशीनमध्ये धुतली जाते, तिला कसर लागत नाही. लहान मुलांच्या आणि रोजच्या वापराच्या वस्तूंना ती उत्तम. पण ती पाणी शोषत नाही आणि उष्णतेने मऊ पडून चपटी होते. त्यामुळे गार पाण्याच्या पेल्याखालचं कोस्टर किंवा गरम भांडं उचलायचं फडकं अ‍ॅक्रिलिकचं करणं म्हणजे शुद्ध वाया घालवणं. तिथे सूतच हवं. खरी मेंढीची लोकर उबदार असते, पण ठाण्यात तिचं काम मोजकंच: डोंगराळ भागात किंवा परदेशात जाणाऱ्यांसाठी. ती घरात ठेवायची तर कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या ठेवाव्या लागतात.

सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. तो मफलर अर्धा झाल्यावर खिडकीच्या उजेडात कळतो.

सुयांचे नंबर नवख्यांना गोंधळात टाकतात. आपल्याकडे अजून जुने इंग्लिश नंबर चालतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकन नंबर याच्या उलट चालतात. म्हणून सुई असो की क्रोशे, घेताना मिलिमीटर विचारा, वाद मिटतो. व्हिडिओ बघून क्रोशे करणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी: अमेरिकन बाई ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणते त्यालाच इंग्लंडची बाई ‘डबल क्रोशे’ म्हणते. दोन्ही म्हणजे आपला मुका खांब, क्रोशाचा बुटका, घट्ट टाका. व्हिडिओ कुठला आहे हे न बघता सुरुवात केली तर रुमाल दुप्पट उंच होतो.

नमुन्याचा तुकडा

हे काम कुणालाच आवडत नाही, आणि नेमकं हेच टाळलं की स्वेटर बाळाऐवजी बाळाच्या बाबांना होतो. ज्या धाग्याने, ज्या सुईवर, ज्या विणीत वस्तू करायची त्याच सगळ्यानिशी साधारण १३ सेंमीचा चौकोन विणा. धुवा, पसरून वाळवा. मग कडा सोडून मधल्या १० सेंमीत किती टाके बसले ते मोजा. टोकाचे टाके मोजू नका, ते नेहमी ताणलेले असतात.

समजा १० सेंमीत २२ टाके बसले आणि तुम्हाला २६ सेंमी रुंदीचा मफलर हवा आहे. २२ गुणिले २.६, म्हणजे ५७. आता वीण १८ टाक्यांच्या पटीत असेल तर ५७ चालणार नाहीत. ५४ घ्यायचे, दोन्ही बाजूंना काठासाठी ३-३ वाढवायचे, झाले ६०. रुंदी २७ सेंमीच्या आसपास येईल. एवढंच गणित आहे. कोणत्याही विणीला ते लागू पडतं, फक्त ‘किती टाक्यांच्या पटीत’ आणि ‘काठाला किती’ हे दोन आकडे बदलतात.

सुयांच्या विणी: कुठली कुठे

सगळं विणकाम सुलट आणि उलट या दोन टाक्यांचं. दोन्ही बाजूंनी फक्त सुलट विणत गेलात तर आडव्या वळ्यांची जाडसर, लवचिक वीण मिळते. ती गुंडाळत नाही, दोन्हीकडून सारखी दिसते. बाळाचं दुपटं, टोपरं, पहिलाच मफलर यांना हिच्यासारखी दुसरी नाही.

एक सुई (म्हणजे विणीची एक ओळ) सुलट, एक सुई उलट केली की बाजारच्या स्वेटरसारखी गुळगुळीत बाजू येते. दिसते छान, पण तिच्या कडा वळतात, आणि त्या वळणारच. इस्त्रीने, पाण्याने, रागावून काही उपयोग नाही. चारही बाजूंना निदान तीन-चार टाक्यांचा सुलट काठ घ्यायचा, हाच इलाज.

दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी ताणली जाते आणि परत जागेवर येते. टोपीची कड, बाह्यांची कड, मोजे यांना ती. टाके चारच्या पटीत घ्या. एक सुलट एक उलट करून पुढच्या सुईला त्यांची अदलाबदल केली, म्हणजे सुलट दिसेल तिथे उलट आणि उलट दिसेल तिथे सुलट, की दाणेदार वीण येते. एका रंगाच्या साध्या लोकरीला ती उठाव देते. रंगीबेरंगी लोकरीवर मात्र ती आणि बाकी कुठलीही नक्षी फुकट जाते, कारण डोळा रंगांतच अडकतो. नक्षीची लोकर एकरंगी असावी, शक्यतो फिकी.

वेणी सगळ्यांना करून बघायची असते. दहा टाक्यांवर ती बसते: २ उलट, ६ सुलट, २ उलट, आणि मागच्या सुईला जसे दिसतील तसे. दर सहाव्या सुईला, सुलट बाजूला, मधल्या सहांपैकी पहिले ३ टाके वेगळ्या छोट्या सुईवर घेऊन पुढे लोंबू द्यायचे, पुढचे ३ आधी विणायचे, मग लोंबणारे ३. झाली वेणी. छोटी सुई मागे धरली तर वळण उलट्या दिशेला पडतं. वेणी कापड आत ओढते, म्हणून वेण्यांच्या स्वेटरला साध्यापेक्षा जास्त टाके आणि जास्त लोकर लागते, आणि तो जड होतो. ठाण्यात राहणाऱ्यासाठी अंगभर वेण्या नकोत. टोपीवर एखादी उभी वेणी पुरते.

एसीतला मफलर: लाटांची जाळी

आपल्या हवेला सगळ्यात शोभणारी वीण मला विचाराल तर ही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची जुनी वीण आहे. मूळ थंड प्रदेशातली असली तरी तिच्यात भोकं असतात, कापड हलकं राहतं, पर्समध्ये घडी मावते. चार सुयांची नक्षी, त्यातली फक्त एक सुई लक्ष देऊन विणायची, बाकीच्या तीन बातम्या बघत.

४ मिमीच्या, म्हणजे ८ नंबरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या एकरंगी लोकरीने ६० टाके घाला. टाके सैल घाला, नाहीतर खालची लाट उमटणार नाही. चार सुया सगळ्या सुलट. मग:

पहिली सुई: सगळे सुलट.

दुसरी सुई: ३ सुलट, ५४ उलट, ३ सुलट.

तिसरी सुई: ३ सुलट, मग पुढचा संच तीन वेळा: (दोनाचा एक) तीनदा, (धागा पुढे घेऊन १ सुलट) सहादा, (दोनाचा एक) तीनदा. शेवटी ३ सुलट.

चौथी सुई: सगळे सुलट.

या चार सुया परत परत. तिसऱ्या सुईत सहा टाके कमी होतात आणि धागा पुढे घेतल्याने सहा वाढतात, म्हणून संच अठराचा अठरा राहतो. दर संचानंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास सुईत अडकवा आणि तिसऱ्या सुईनंतर दोन फासांमध्ये १८ टाके आहेत का ते मोजा. १७ निघाले तर एखादा धागा पुढे घ्यायचा राहिला आहे. तो लगेच खालच्या आडव्या धाग्यातून उचलता येतो. दहा सुयांनंतर लक्षात आलं तर उसवणं आलं. जाळीच्या विणीत निसटलेला टाका साध्या विणीसारखा क्रोशाने सरळ वर चढवता येत नाही, म्हणून दर वीसेक सुयांनी एका जाड सुताचा दोरा सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून फिरवून ठेवा. चुकलंच तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं.

दीडशे सेंमी झालं की चार सुया सुलट विणून टाके सैल बंद करा. १५० ते २०० ग्रॅम लोकर जवळ ठेवा. ऑफिसात खांद्यावर घ्यायची शाल हवी तर सहा संच, म्हणजे १०८ अधिक ६, एकूण ११४ टाके. लोकर त्या मानाने जास्त घ्या, विणीत बाकी काही बदलत नाही.

हीच जाळी बाळाच्या मोज्यांना, हातमोज्यांना मात्र घालू नका. भोकात बाळाची बोटं अडकतात. बाळंतविड्याचं सगळं बंद विणीत, आतल्या बाजूला लोंबता धागा नाही, मणी नाही, बटणाऐवजी बंद, तेही आखूड.

क्रोशाचे तीन खांब आणि एक कायदा

क्रोशात साखळी, मुका खांब आणि खांब एवढे आले की बरंच काही येतं. मुका खांब: क्रोशे घरात (आधीच्या ओळीतल्या टाक्याच्या भोकात) घालायचा, धागा ओढून आणायचा, क्रोशावर दोन फास झाले, धागा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर. खांब: आधी क्रोशावर धागा गुंडाळायचा, मग घरात घालून धागा आणायचा, तीन फास झाले, दोनांतून काढायचा, परत दोनांतून. मधला अर्धा खांब म्हणजे ते तिन्ही फास एकदम काढायचे. मुका खांब घट्ट आणि बुटका, तो पिशवीच्या पट्ट्यांना. खांब उंच आणि झुळझुळीत, तो रुमालाला, शालीला.

गोल सपाट ठेवायचा कायदा पाठच करा: खांबांचा गोल असेल तर दर फेरीला १२ वाढवायचे, मुक्या खांबांचा असेल तर ६. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. गोल वाटीसारखा उचलायला लागला तर टाके कमी पडताहेत, झालरीसारखा लाटा मारायला लागला तर जास्त झालेत. टोपी करताना हाच कायदा मुद्दाम मोडायचा असतो: डोक्याइतका गोल झाला की वाढवणं थांबवायचं, बाजू आपोआप खाली वळतात.

संक्रांतीचं वाण

हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाटून कंटाळा आला असेल तर सहा पाकळ्यांचं सुती कोस्टर करा. एका संध्याकाळी दोन तरी होतात. विणायचं सूत आणि २.५ मिमीचा क्रोशे. ४ साखळ्या घालून गोल जोडा. पहिल्या फेरीत ३ साखळ्या (त्या पहिला खांब) आणि गोलात ११ खांब, एकूण १२. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात २ खांब, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एका घरात १, पुढच्या घरात २, म्हणजे ३६. चौथी फेरी पाकळ्यांची: १ मुका खांब, २ घरं सोडून पुढच्या घरात ५ खांब, २ घरं सोडून परत मुका खांब. सहा घरांत एक पाकळी, म्हणून ३६ घरांत बरोबर सहा बसतात. पाचांच्या जागी सात खांब घातले तर पाकळी जास्त उठावदार होते, पण कोस्टर टेबलावर सपाट बसत नाही.

काळा धागा सणाला हवासा वाटतो, पण रात्री दिव्याखाली काळ्यावर टाके दिसत नाहीत. काळं काम दुपारच्या उजेडात करा आणि मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. माझं मत विचाराल तर गोल पांढरा आणि पाकळ्या काळ्या: सगळ्यात किचकट तीन फेऱ्या पांढऱ्यात निघून जातात.

बोरन्हाणासाठी क्रोशाचे ‘हलव्याचे’ दागिने हा माझा आवडता उद्योग. पांढऱ्या सुतात फुगीर दाण्यांची माळ करायची. ४ साखळ्या घाला. क्रोशापासून चौथ्या साखळीत ४ खांब करा, सोडलेल्या ३ साखळ्या धरून पाच झाले. आता क्रोशे फासातून काढा, त्या ३ साखळ्यांच्या डोक्यात घाला, सुटलेला फास पकडून त्यातून ओढा. पाचही खांब एकत्र फुगून दाणा तयार होतो. १ साखळीने तो बंद करा, मग ३ साखळ्यांचं अंतर, आणि परत ४ साखळ्यांपासून सुरू. पहिला दाणा पोटाकडून चपटा वाटला तर बोटाने मागून ढकला, तो बाहेर येतो. खरा हलवा टोचतो, चिकटतो, बाळ तोंडात घालतं. ही माळ धुता येते आणि पुढच्या नातवंडाला ठेवता येते. फक्त गळ्यात एकसंध माळ नको: मागे हलकी गाठ असलेले दोन बंद द्या आणि फोटो झाला की काढून ठेवा.

दाराचं तोरण: ‘शुभ लाभ’ चौकटींत

इथे जरा सावकाश जाऊ, कारण देवनागरी अक्षरं चौकटीच्या क्रोशात बसवण्याचे तयार आलेख सहजी मिळत नाहीत आणि ते आपले आपणच काढावे लागतात.

चौकटीचा क्रोशे म्हणजे रिकामे आणि भरलेले चौकोन. रिकामा चौकोन: खांब, २ साखळ्या, २ घरं सोडून खांब. भरलेला: साखळ्यांच्या जागी २ खांब. शेजारच्या चौकोनाचा खांब सामाईक असतो, म्हणून कितीही चौकोन असोत, टाके लागतात चौकोनांच्या तिप्पट अधिक एक.

आलेखाच्या कागदावर १५ चौकोन उंचीची पट्टी आखा. वरून पहिली ओळ भरीव काठ, दुसरी रिकामी, तिसरी शिरोरेषा. खाली सात ओळी अक्षराच्या अंगाला, त्याखाली तीन ओळी ‘शु’च्या उकाराला, एक रिकामी, शेवटी भरीव काठ. ‘शुभ लाभ’ हे शब्द नवख्यांना सोपे, कारण त्यांत शिरोरेषेच्या वर जाणारी एकही मात्रा नाही. ‘श्री’ घ्यायचं तर वर वेलांटीला आणखी दोन ओळी, आणि ‘सुस्वागतम्’ घ्यायचं तर ‘स्वा’ या जोडाक्षराला जागा सोडावी लागते. अक्षरांतले उभे दांडे एक चौकोन रुंदीचे ठेवा, दोनाचे केले की अक्षर ठोकळा दिसतं. दोन शब्दांमध्ये शिरोरेषा तुटायलाच हवी, तिथे निदान तीन चौकोन रिकामे सोडा.

आता कागद आडवा फिरवा. तोरण लांबीकडून नाही, उंचीकडून विणायचं: प्रत्येक ओळ १५ चौकोनांची आणि दाराच्या रुंदीपर्यंत ओळी वाढवत जायच्या. असं केलं तर सुरुवातीला अडीचशे साखळ्या मोजाव्या लागत नाहीत, आणि दार मोजण्यात थोडं कमीजास्त झालं तरी शेवटी दोन-चार ओळी घालता किंवा काढता येतात. फ्लॅटचं मुख्य दार साधारण ९० सेंमी रुंद असतं, तरी चौकट स्वतः मोजा.

३ गुणिले १५ अधिक ३, म्हणजे ४८ साखळ्या घाला. क्रोशापासून चौथ्या साखळीत पहिला खांब आणि पुढे प्रत्येक साखळीत एक, म्हणजे ४५ खांब, आणि सोडलेल्या ३ साखळ्यांचा एक मिळून ४६. ही पहिली भरीव ओळ. पुढे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ३ साखळ्या, त्या पहिला खांब. आता आलेखाची एक उभी ओळ म्हणजे तुमची विणायची एक ओळ. शिरोरेषा तुमच्या हातात आडवी नसते, प्रत्येक ओळीतला काठाकडून तिसरा चौकोन भरत गेलात की ती आपोआप उभी वाढते. झालेली ओळ कागदावर पेन्सिलने खोडत चला, एक ओळ वरून खाली आणि पुढची खालून वर वाचायची असते हे अर्ध्या तासाने हमखास विसरायला होतं.

अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आलेली दिसली तर घाबरू नका. चौकटीचं काम दोन्ही बाजूंनी जवळपास सारखं दिसतं, तोरण पालथं करून लावा.

झालं की खालच्या लांब कडेला शंखांची झालर: ओळीच्या एका कडेत मुका खांब, पुढच्या ओळीच्या कडेत ५ खांब, असं आलटून पालटून. वरच्या कडेला सरळ मुक्या खांबांची एक फेरी, आणि दर १५ सेंमीवर ६ साखळ्यांचा फास, खिळ्याला अडकवायला.

लाल-पिवळ्या सुताचं तोरण करणार असाल तर आधी लाल धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडकं गुलाबी झालं तर तो धागा पांढऱ्याशेजारी घालू नका.

उन्हाळा: बाजाराची जाळी

२०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवी प्रत्येकीच्या पर्समध्ये असते. सुती जाळीची पिशवी त्याहून कमी जागा घेते आणि भरली की फुगते. खांबांचा गोल १२, २४, ३६, ४८ असा चार फेऱ्यांचा करा, हा झाला बंद तळ. मग ५ साखळ्या, २ घरं सोडून मुका खांब, असं करत १६ कमानी करा. पुढच्या फेऱ्यांत ५ साखळ्या आणि मागच्या कमानीच्या मध्यावर मुका खांब, गोल गोल, २५ सेंमी उंचीपर्यंत. फेरी जोडायची गरज नाही, गोगलगायीसारखं फिरत जा, फक्त सुरुवातीला एक रंगीत दोरा अडकवून ठेवा. वरती प्रत्येक कमानीत ३ मुके खांब, म्हणजे ४८, आणि त्यावर मुक्या खांबांच्या तीन फेऱ्या. पट्टा मुक्या खांबांचाच करा, लांबीकडून चार ओळी. खांबांचा पट्टा दोन किलो कांद्यांनी गुडघ्यापर्यंत लोंबतो.

पाच साखळ्यांच्या कमानीतून कांदे-बटाटे पडत नाहीत, मिरच्या आणि लिंबं पडतात. त्यांच्यासाठी तीन साखळ्यांची, छोटी वेगळी पिशवी.

शेवटचा हात

टोकाचे धागे जाड सुईने विणीच्या मागून एकदा एका दिशेला आणि एकदा उलट दिशेला ओवा, मगच कापा. गाठ मारून कापलेला धागा तिसऱ्या धुण्यात वर येतो.

मेंढीची लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात दाबून, हव्या त्या मापाला टाचण्यांनी ताणून वाळवा. जाळी खरी खुलते ती इथेच. अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री टेकवली की ती कायमची लुळी पडते, वीण मरते. तिला ओल्या फडक्यावरून लांबूनच हलकी वाफ द्या किंवा नुसती पसरून वाळवा. सुती तोरण आणि रुमाल मात्र खळीशिवाय उभे राहत नाहीत. साबुदाण्याची पातळ खळ करून गाळून घ्या, त्यात बुडवून हलकं पिळा, जुन्या चादरीवर टाचण्यांनी प्रत्येक चौकोन सरळ करत पसरा. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस तरी लागतात, घाई करून दमट गुंडाळलं तर काळे ठिपके पडतात. खळ घातलेली वस्तू वर्षभर ठेवून देऊ नका, झुरळं आणि मुंग्या सोडत नाहीत. विसर्जनानंतर धुवून, खळ काढून, कोरडी ठेवा आणि पुढच्या वर्षी नवी खळ द्या.

भेट द्यायची असेल तर धाग्याचं लेबल फेकू नका. त्यावरच मागे लिहा: ‘गार पाणी, पिळू नये, इस्त्री नको’, आणि सोबत त्याच लॉटचा दोन हात धागा गुंडाळून द्या, उसवलं तर शिवायला.